छतावर पाच वीस

भाचा जर्मनीत नोकरीला लागल्यापासून दर नाताळात आमच्याकडे चॉकलेटं यायची. ती संपायची, विषय मिटायचा. गेल्या वेळी त्याने घड्याळ आणलं.

आता हे काही भिंतीवर टांगून विसरून जायचं घड्याळ नव्हे. ते वेळ सांगतं आणि तीच वेळ लाल आकड्यांत छतावर फेकतं. तारीख, वार, खोलीतलं तापमान, दमटपणा, सगळं सांगतं. सोबत एक पांढरी डबी येते. ती गॅलरीत ठेवली की बाहेरचं तापमानही सांगतं. शिवाय पुढच्या काही तासांत पाऊस पडणार की ऊन, याचं चित्र काढून दाखवतं. एवढं सांगून दम उरलाच तर सकाळी उठवतंसुद्धा. “मामा, रात्री जाग आली की मोबाइल चाचपायला नको, नुसतं वर बघायचं,” भाचा म्हणाला. वास्तविक रात्री जाग आल्यावर मला वेळ नको असते, झोप हवी असते. पण विमानाने आलेल्या वस्तूसमोर असं काही बोलायची पद्धत नाही.

जर्मन पिन आपल्या बोर्डात बसते, फक्त जरा डुलते. वर्तमानपत्राची घडी घालून तिला स्थिर केलं, आणि छतावर पहिल्यांदा वेळ उमटली: शून्य वाजून शून्य मिनिटं. घरात कौतुकाचा एक लहानसा आवाज झाला. त्यातला बराचसा भाच्याचाच होता.

पहिली अडचण पंख्याने काढली. हे घड्याळ ज्यांनी बनवलं त्यांच्या झोपायच्या खोलीत छत म्हणजे नुसतं छत असावं. आपल्याकडे छताच्या बरोबर मध्यावर, पलंगाच्या बरोबर वर, पंखा असतो. लाल किरण निघतो तो आधी पात्यांना भेटतो. पंखा चालू असताना अकरा वाजून काही मिनिटं झालीत एवढं कळायचं. किती मिनिटं ते बघायला रेग्युलेटर एकवर आणावा लागे. रेग्युलेटर दाराजवळ. तिथे जाईपर्यंत वाटेत हॉलमधलं जुनं घड्याळ दिसायचं. शेवटी पंखा आणि ट्यूबलाइट यांच्यामधली एक पट्टी शोधून काढली. तिथे आकडे थोडे तिरके आणि लांबट पडतात, पण वाचता येतात.

खरा प्रश्न वेळ कुठून आणायची हा होता. ही घड्याळं स्वतःची वेळ स्वतः लावतात. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेन नावाचं गाव आहे. तिथून ७७.५ किलोहर्ट्झवर रात्रंदिवस रेडिओ संदेश सुटतो, दर मिनिटाला पूर्ण वेळ आणि तारीख सांगणारा, आणि त्यामागे अणुघड्याळं असतात. दहा लाख वर्षांत सेकंद चुकायचा नाही म्हणतात तशी. फक्त या संदेशाचा पल्ला साधारण दोन हजार किलोमीटर. पुणे तिथून साडेसहा हजारांवर. तरी घड्याळाची निष्ठा अशी, की रोज रात्री दोनच्या पुढे ते मनोऱ्याचं एक छोटं चित्र लुकलुकवत माइनफ्लिंगेनला हाका मारत बसायचं. खिडकीपाशी ठेवून पाहिलं, गच्चीवर नेऊन पाहिलं. “पश्चिमेला तोंड कर त्याचं,” आई म्हणाली. केलं. तिकडून कोणी ओ दिली नाही.

“सिग्नल नंतर बघू, आधी टाइमझोन तरी भरून ठेवा,” भाचा म्हणाला. तिथे दुसरी गंमत निघाली. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, आणि घड्याळाला फक्त पूर्ण तास ठाऊक. चार म्हणा किंवा पाच म्हणा. मधलं काही त्याच्या कारखान्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. घरात बैठक बसली. आईचं मत पडलं अर्धा तास पुढे ठेवावं, म्हणजे कामं वेळेवर होतील. बायकोचंही तेच. मी अल्पमतात होतो, तेव्हा मी भूगोल काढला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, म्हणजे मिर्झापूरकडची. पुणे आहे ७४ च्या किंचित अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर पुण्याचा सूर्य प्रमाणवेळेच्या पस्तीसेक मिनिटं मागे चालतो. म्हणजे अर्धा तास मागे पडलेलं घड्याळच खरं पुणेरी घड्याळ! शेजारच्या मुंबईने तर हा मुद्दा फारच मनाला लावून घेतला होता. १९०६ साली देशाला एक वेळ मिळाली, तरी मुंबई आपली ३९ मिनिटं मागची वेळ धरून बसली ती थेट १९५५ पर्यंत. मी एवढं सगळं सांगेपर्यंत बायकोने हॉलमधल्या घड्याळावरून आकडे लावून टाकले होते आणि मनोऱ्याचं चित्र कायमचं बंद केलं होतं. अणुघड्याळाशी असलेला आमचा संबंध तिथे संपला. तेव्हापासून ते महिन्याला थोडं पुढे जातं, आणि आई ते दुधाच्या पिशवीवरून मागे घेते.

एप्रिल लागला की आमचं सगळं घर एका खोलीत झोपतं, कारण एसी एकच आहे. आईची कॉट आमच्या पलंगाच्या पायथ्याला लागते. आई पूर्वेला डोकं करून झोपते. त्यात तडजोड नाही. आमची डोकी कपाटाच्या कृपेने पश्चिमेला. म्हणजे एकाच छताकडे आम्ही एका बाजूने बघतो आणि आई नेमकी उलट बाजूने. आता या घड्याळातले आकडे काड्यापेटीतल्या काड्या मांडून केल्यासारखे कोनाकोनांचे इंग्रजी आकडे आहेत. त्या पद्धतीत शून्य, दोन आणि पाच ही मंडळी खाली डोकं वर पाय केली तरी बदलत नाहीत. शून्य शून्यच राहतं, दोन दोनच, पाच पाचच. फक्त त्यांची रांग उलटी होते.

एका रात्री दोन वाजून पन्नास मिनिटांनी आईला जाग आली. तिने भाच्याच्या सांगण्याप्रमाणे नुसतं वर पाहिलं. वर स्वच्छ लाल आकड्यांत लिहिलं होतं: ०५:२०.

मला जाग आली ती पूजेच्या घंटेने. तोवर आईची आंघोळ झाली होती, चहा झाला होता, तुळशीला पाणी घालून झालं होतं. मी वर पाहिलं तर तीन पंचवीस. “अरे, सहा वाजायला आले,” आई म्हणाली, “दूधवाल्याचा पत्ता नाही, पेपरवाल्याचा पत्ता नाही. संप आहे का कसला?” सगळं शहर आळशी झालंय याबद्दल तिला शंका उरली नव्हती. उजाडत का नाहीये, याचंही उत्तर तिच्याकडे होतं: मळभ. हे मळभाचं कसं आलं, ते पुढे सांगतो.

घड्याळाला आकडे १८० अंशांत फिरवायचं बटण आहे. ते दाबलं की आईची वेळ सुलटी होते आणि आमची उलटी. ज्येष्ठांचा मान म्हणून आम्ही ते दाबून ठेवलं. तेव्हापासून सकाळी पाच वीसला मी वर बघतो तर दोन पन्नास. डॉक्टरांनी मला पहाटे फिरायला सांगितलंय. पण रात्रीचे दोन पन्नास झालेले स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असताना कुठला माणूस बूट घालेल? बायकोला हा पुरावा मान्य नाही. ती म्हणते, तुला आकडे उलटे आहेत हे ठाऊक आहे. आहे ना. पण त्या वेळी आठवत नाही.

तर मळभ. घड्याळाच्या कोपऱ्यात हवामानाचं चित्र असतं: सूर्य, सूर्यावर ढग, नुसता ढग, ढगाखाली थेंब. (बर्फाचा तारासुद्धा आहे. पुण्याचा नीचांक १९३५ सालच्या जानेवारीतला, १.७ अंश, तेवढ्यासाठी तो तारा आम्ही सांभाळून आहोत.) हे चित्र काढताना घड्याळ आकाश बघत नाही. ते फक्त हवेचा दाब मोजतं. दाब चढतोय तर ऊन, उतरतोय तर पाऊस. सुरुवातीला ते तुमची समुद्रसपाटीपासूनची उंची विचारतं. भाच्याने घाईत तिथे शून्य राहू दिलं होतं. पुणे आहे ५६० मीटरवर. दर साडेआठ-नऊ मीटर चढलं की दाब एका हेक्टोपास्कलने कमी होतो, म्हणजे इथे तो जेमतेम साडेनऊशे. आता समुद्रकिनाऱ्यावर साडेनऊशे दाब म्हणजे घरांची छपरं उडवणारं चक्रीवादळ. बिचारं घड्याळ आमच्या खोलीत पाऊल ठेवल्यापासून त्या वादळाच्या पोटात जीव मुठीत धरून बसलं होतं.

उंची दुरुस्त केली. घड्याळ शांत झालं. तरी रोज दुपारी त्याच्यावर ढग यायचा आणि चारच्या सुमाराला ढगाखाली थेंब. बाहेर चाळीस अंश, आकाशात चिटपाखरू नाही, आणि आत पाऊस. सकाळी दहाला मात्र न चुकता सूर्य. ही घड्याळाची खोडी नाही, आपल्या हवेची आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या आसपास तो सर्वांत जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या आसपास सर्वांत कमी. तीन-चार हेक्टोपास्कलची ही चढउतार रोज ठरल्या वेळी होते. युरोपात ही लाट फिकी असते आणि तिथली येणारी-जाणारी वादळं दाब एवढा खालीवर करतात की तिच्याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये. तिथे दाब उतरला म्हणजे छत्री घ्यायचीच. इथे दाब उतरला म्हणजे चहाची वेळ झाली.

हे मी आईला समजावून सांगितलं. पण उन्हाळ्यात आईची गच्चीवर वाळवणं असतात, आणि कुरडयांच्या बाबतीत ती कोणताही धोका पत्करत नाही. चार वाजता घड्याळावर थेंब आले की आम्ही जिने चढून प्लास्टिकचे कागद गोळा करायचो. सगळ्या सोसायटीची वाळवणं उन्हात, आमचीच तेवढी सोफ्यावर. खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा हसल्या, मग कीव करू लागल्या. आणि मे महिन्यात एका दुपारी चारला घड्याळावर थेंब आले, आम्ही कुरडया खाली आणल्या, आणि साडेचारला वळीव कोसळला. गारांसकट. सोसायटीची वाळवणं गेली. आता वळवाची आपल्याकडची वेळच दुपार-संध्याकाळची. रोज चारला पाऊस सांगणारा कधीतरी बरोबर येणारच. पण हे कोणी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काकू साडेतीनला आमच्याकडे येऊन बसू लागल्या. शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे, १९२८ साली देशाचं हवामान खातं सिमल्याहून इथे आलं, तिथली शास्त्रज्ञ मंडळी उपग्रह लावून अंदाज देतात, सगळं सांगून पाहिलं. “त्यांनी काल सांगितलं होतं का गारांचं?” काकूंनी विचारलं. जुलैत संततधारेत खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, तेव्हा सकाळी दहाला घड्याळावर लखलखीत सूर्य होता. त्या दिवशी काकू आल्याच नाहीत, त्यामुळे घड्याळाची अब्रू शाबूत राहिली.

गॅलरीतल्या पांढऱ्या डबीची हकीकत वेगळी. उन्हाळ्यात तिच्यावर दुपारचं ऊन यायचं आणि छतावर एकावन्न अंश झळकायचे. बायको ते फोटो काढून माहेरी पाठवायची. तापमान सावलीत मोजायचं असतं. वेधशाळेत त्यासाठी झडपांची पांढरी लाकडी पेटी असते, थॉमस स्टीव्हन्सनच्या नावाची. हा दीपस्तंभ बांधणारा स्कॉटिश इंजिनिअर, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचा बाप. मी हापूसची रिकामी पेटी घेतली, तिला पांढरा रंग दिला, फटी होत्याच. डबी आत टांगली, आणि आमचं तापमान पेपरातल्या तापमानाशी दीड-दोन अंशांत जुळायला लागलं. आठवडाभर मी सिमला ऑफिसवरून जाताना मान ताठ ठेवून गेलो.

जानेवारीत एका पहाटे छतावर ‘बाहेर ३४’ आलं. खोलीत आम्ही गोधडीत. गॅलरीत जाऊन पाहिलं तर पेटीच्या वरच्या दोन पट्ट्या निघालेल्या, डबी खाली पडलेली, आणि तिच्यावर एक पारवा बसलेला, खाली दोन अंडी. पारव्याच्या अंगात एक्केचाळीस-बेचाळीस अंश ऊब असते. घड्याळ अजिबात चुकत नव्हतं. अंडी असताना घरटं हलवायचं नाही, असा आईचा हुकूम सुटला. ती पिल्लं उडून जाईपर्यंत आमच्या छतावर पुण्याचा हिवाळा आलाच नाही.

ती गेल्यावर डबी धुऊनपुसून आईने ताब्यात घेतली. थंडीत तिचं दही लागत नाही ही जुनी तक्रार. आता रात्री विरजण लावलं की ती पातेलं शालीत गुंडाळून स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटात ठेवते, शेजारी डबी. झोपल्या झोपल्या वर बघायचं. तिसाच्या खाली गेलं की उठून गरम पाण्याची पिशवी.

परवा खालच्या काकू सकाळी सातला आल्या, कानटोपी, स्वेटर, वर शाल. आई अजून कॉटवरच होती. काकूंनी सवयीने छताकडे पाहिलं आणि थबकल्या. “अहो, हे बाहेर तेहतीस दाखवतंय!”

“मग लागलं असेल,” आई म्हणाली. “उठतेच आता. तुम्हाला हवंय का वाटीभर?”