बाळाच्या कानाला लागणारा वारा: एक अल्पसा प्रबंध

पुणे शहरात वाऱ्याचा अभ्यास दोन ठिकाणी चालतो. एक शिवाजीनगरला, सिमला ऑफिसात. हवामान खात्याने 1928 साली सिमल्याहून इथे बिऱ्हाड हलवले तेव्हापासून. दुसरा घरोघरी, आज्यांच्या देखरेखीखाली, आणि तो पहिल्यापेक्षा पुष्कळच जुना आहे. या दोन घराण्यांचे आजवर कशावरही एकमत झालेले नाही. सिमला ऑफिसचा वारा पश्चिमेकडून येतो, पूर्वेकडून येतो, कधी पडतो. आजीचा वारा फटीतून येतो आणि थेट बाळाच्या कानात जातो. पहिल्याचे तक्ते, नकाशे, वार्षिक अहवाल निघाले. दुसऱ्यावर अद्याप कोणी साधी पुस्तिकाही लिहिली नाही. ही उणीव दूर करण्याचा येथे अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम मोजमापाचा प्रश्न. हवामानशास्त्राच्या नियमाप्रमाणे वाऱ्याचा वेग जमिनीपासून 10 मीटर उंचीवर मोजतात. आता आजीच्या कडेवरच्या बाळाचा कान फार तर सव्वा मीटरवर असतो. (तिसऱ्या मजल्यावरच्या बाळांचा विचार येथे केलेला नाही.) तेव्हा सिमला ऑफिसच्या उपकरणाला हा वारा सापडला नाही तर दोष उपकरणाचा मानावा, आजीचा नव्हे.

या वाऱ्याचे वर्तनही निराळे. खोलीत सहा माणसे बसली असली तरी तो पाचांना वगळतो. बाळाच्या बापाला तो कधीही लागत नाही. बापाला फक्त खिडकी लावायला उठवले जाते. वेगाशी त्याचा संबंध नाही. पंख्याचे बटण एकवर असते तेव्हा पंखा फिरत नाही, नुसता घुमतो, हे कोणत्याही पुणेकराला ठाऊक आहे. तरीही "अहो, पंखा बंद करा, पोराच्या कानात वारा जातोय" हे वाक्य एकवरच सर्वाधिक ऐकू येते. ऋतूशीही संबंध नाही. पुण्याचे नोंदलेले सर्वांत कमी तापमान 1.7 अंश, 17 जानेवारी 1935 चे. सर्वांत जास्त 43.3 अंश, 30 एप्रिल 1897 चे. या दोन्ही दिवशी शहरातल्या तान्ह्या बाळांच्या डोक्यावर तीच कुंची असणार, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात तिळमात्र शंका नाही.

कुंचीकडे जरा जवळून पाहावे. टोपडे फक्त डोके झाकते. कुंची डोके, कान, मान झाकून पाठीवर घोळाने खाली उतरते. कपाळावर जरीची पट्टी, हनुवटीखाली बंद, आतून जुन्या धोतराचे किंवा साडीचे मऊ अस्तर. बाहेरून खण किंवा आजीच्या ठेवणीतल्या साडीचा तुकडा, आणि तो कोणत्या साडीचा यावर दोन घरांत थोडा अबोला. तुळशीबागेत तयार मिळते, पण तयार कुंचीचा बंद फार लवकर सुटतो असे शिवणाऱ्या आज्यांचे मत आहे. त्यातला हितसंबंध वाचकांनी लक्षात घ्यावा.

या वस्त्राला शास्त्राधार आहे काय? आहे, आणि दोन्ही बाजूंनी आहे. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे. त्वचेच्या एकूण क्षेत्रफळाचा सुमारे पाचवा हिस्सा तेथेच असतो. त्यात बाळाला थंडीने कुडकुडता येत नाही. ते ऊब आणते खांद्यांमधल्या तपकिरी चरबीतून. म्हणून पहिल्या दिवसांत, विशेषतः बाळ कमी वजनाचे असेल तर, डोके झाकावे असे डॉक्टरही सांगतात. इथवर आजी आणि वैद्यक हातात हात घालून चालतात. पुढे मे महिना येतो, बाळ चार महिन्यांचे होते, आणि डॉक्टर म्हणतात, "आता काढा ती टोपी, उकडून रडतंय ते." आजी मान डोलावते. टोपी दवाखान्याच्या जिन्यात पुन्हा चढते.

प्राचीन मताकडे वळल्यास गुंता वाढतो. वाग्भटाने शरीरातल्या वाताची जी ठिकाणे सांगितली त्यांत कान आहे. म्हणजे वात कानात मुळातच राहायला आहे. मग कुंची वाऱ्याला आत येऊ देत नाही, की आतल्याला बाहेर जाऊ देत नाही? यावर एका ज्येष्ठ आजींचे उत्तर मिळाले: "दोन्ही." काश्यपसंहितेत तर, न बोलणाऱ्या बाळाला नेमके काय दुखते हे कसे ओळखावे, यावर स्वतंत्र अध्यायच आहे. कान दुखत असेल तर बाळ हातांनी कान धरते, डोके फिरवते, झोपत नाही, असे त्यात सांगितले आहे. आजचे बालरोगतज्ज्ञ हेच विचारतात. नुसत्या कान ओढण्यावर मात्र फारसा भरवसा ठेवत नाहीत, कारण बाळाला कान आहेत हा शोध लागल्यावर ते काही दिवस उगीचही ओढते.

खरी पंचाईत शरीररचनेची आहे. बाहेरून कानात शिरलेला वारा पडद्याशी अडतो. लहान मुलाचा कान आतून दुखतो तो बहुधा नाका-घशाकडून. तिकडून मधल्या कानाकडे जाणारी नळी या वयात आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दी सहज वर चढते. आडवे निजवून बाटलीने दूध पाजले तरी तोच धोका. किल्ल्याचा सगळा पहारा महादरवाज्यावर आणि शत्रू चोरदिंडीने आत, असा हा प्रकार आहे. हे एका आजींना नकाशा काढून दाखवले असता त्यांनी नाकालाही दुपट्याचे टोक लावले.

बाळ अंगाने भरलेले नसले की वारा जास्त बाधतो, असे एक उपमत आहे. "अंगावर मांस नाही, सोसणार कसं?" पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या नवजात बाळांची मापे घेतली. अभ्यास 1993 साली सुरू झाला. बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5. मांस कमी हे आजीचे म्हणणे खरे ठरले. पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. दंड-पोट बारीक, तरी खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली घडी बरीचशी शाबूत. यातून पुढच्या वयातल्या मधुमेहाचा मोठा विचार निघाला. आमचे लक्ष मात्र जागेकडे गेले: कुंचीचा घोळ नेमका तेथेच पडतो.

आता आमच्या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशी मोरीत पाटावर पाय पसरून बसतात, बाळाला पायांवर पालथे घालतात, तेल जिरवून टाळू भरतात, कढत वाटावे अशा पाण्याचे तांबे ओततात. मग बाळ उलटवून, कोणालाही न विचारता, दोन्ही कानांत जोराने फुंकर मारतात. फुंकर हा वारा आहे, तोंडाने निर्माण केलेला, थेट आणि दोन बोटांच्या अंतरावरून. घरातल्या कोणीही आजपर्यंत हरकत घेतलेली नाही. उलट, ती राहिली तर आठवण केली जाते. यामागची भूमिका विचारता मावशी म्हणाल्या, "पाणी राहतं ना आत." म्हणजे वाऱ्याचे दोष दूर करणारा वारा असतो. पाठोपाठ ओव्याची धुरी, टाळूवर वेखंड, आणि मग कुंची. सिगारेटच्या धुरात वाढणाऱ्या मुलांचे कान जास्त वेळा दुखतात हे सिद्ध झालेले आहे, असे आम्ही हळूच सुचवले. "ओव्याचा धूर वेगळा," मावशी म्हणाल्या, आणि चर्चा संपली.

कुंची सुटते म्हणजे पुणेकर वाऱ्यातून सुटतो असे नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी दुचाकीवर स्कार्फ येतो, डोळे तेवढे उघडे ठेवून. कारण विचारले तर धूळ आणि ऊन सांगितले जाते. साठीनंतर कानटोपी येते, आणि तळजाई टेकडीवर ती मार्चपर्यंत टिकते. अभ्यासकाला अडवतो तो मधला काळ. पाच ते पंधरा या वयात कान उघडे का? आमचे अनुमान असे की या वर्षांत ते मास्तरांना हाताशी लागत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली, त्यामुळे आता तेही कारण उरलेले नाही. शाळकरी मापाच्या कुंच्यांची तुळशीबागेत चौकशी केली. दुकानदाराने गिऱ्हाईकाचे वय विचारले.