आत किती?

अण्णा कुणाचीही गाडी समोरून बघत नाहीत. गल्लीत नवी गाडी आली, हार पडला, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली, की बाकीचे बोनेटवरून हात फिरवत असतात आणि अण्णा दिसेनासे होतात. थोड्या वेळाने गाडीपलीकडून, जमिनीलगतच्या उंचीवरून आवाज येतो, "हौ, पण आत किती?"

मालक नवा असेल तर त्याला वाटतं, अण्णा कर्जाचा हप्ता विचारतायत. जुन्या शेजाऱ्याला ठाऊक असतं की ते चाकाबद्दल बोलतायत. चाकाचा जो भाग जगाला दिसतो त्याच्याशी अण्णांचं देणंघेणं नाही. त्यांना न दिसणारा भाग हवा असतो.

प्रत्येक गावात असा एक अण्णा असतो. कुठे तो पाण्याच्या पंपाचा असतो, कुठे इन्व्हर्टरच्या बॅटरीचा. पुण्यात तर पार्किंगचेच कितीतरी सापडतील. आमच्या उज्जैनच्या वाट्याला चाकांचा आला. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची पोरं घडवून अण्णा निवृत्त झाले, आणि समोर पोरं नसली तरी शिकवायचं थांबवलं पाहिजे असं त्यांना कुणी सांगितलं नाही. सदऱ्याच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी, खडूचा तुकडा आणि एक छोटा टॉर्च. या वजनानं खिसा कायम एका बाजूला झुकलेला. घराणं शिंद्यांबरोबर माळव्यात आलेलं. पूर्वज तोफखान्यात होते, तोफगाड्यांची चाकं त्यांच्याकडे होती, असं अण्णा सांगतात. 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तेव्हा मंडळी मागे का राहिली याचं त्यांचं उत्तर ठरलेलं आहे, "चाकं तयार नव्हती." यावर इतिहासाच्या प्राध्यापकांनी वाद घालून बघितला. अण्णा पट्टी काढून बसले.

त्यांच्या ज्ञानाला खरा बहर आला तो थार आणि पिकअपवाल्या पोरांमुळे. संध्याकाळी फ्रीगंजात टॉवरपाशी एक चक्कर मारा. निम्म्या थारांची चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावत असतात. कंपनीचा टायर 255/65 आर 18. पोरगा इंदूरला जातो आणि 285/65 चढवून येतो. गाडी बसल्यासारखी दिसत होती, आता उभी राहिल्यासारखी दिसते, एवढाच त्याचा हिशोब. अण्णांचा हिशोब खडूनं फुटपाथवर होतो. "टायर तीस मिलिमीटर रुंद झाला, म्हणजे पंधरा आत आणि पंधरा बाहेर. उंची एकोणचाळीस वाढली, गाडी उचलली गेली त्याच्या निम्मी. मीटरवर साठ दिसेल तेव्हा तू त्रेसष्टनं जात असशील. चालान आलं की म्हणशील, भिया, मैं तो साठ पे था!"

इथपर्यंत पोरगा हसत असतो. मग अण्णा ऑफसेटवर येतात आणि त्याचं लक्ष मोबाइलकडे जातं.

ऑफसेट समजावायची त्यांची पद्धत एकच, आणि ती काकूंच्या स्वयंपाकघरातून जाते. रविवारी सकाळी पोहे भिजलेले, आणि पोह्यांचं पातेलं ओसरीवर. अण्णा पातेलं उताणं ठेवतात, मधोमध एक वाटी पालथी घालतात, काठावर लाटणं आडवं टाकतात. "हे पातेलं म्हणजे तोंडावर पडलेलं चाक. पाठ वर आली. वाटीचा तळ म्हणजे हबला टेकणारी जागा. लाटण्यापासून या तळापर्यंत पट्टी सोड. जे येईल ते बॅकस्पेसिंग. आत किती, ते हेच."

मग पातेल्याच्या निम्म्या खोलीवर खडूची रेघ. ही चाकाची मध्यरेषा. वाटीचा तळ नेमका रेघेवर आला तर ऑफसेट शून्य. वाटी बुटकी असेल तर टेकायची जागा चाकाच्या तोंडाकडे सरकली. हा अधिक ऑफसेट, चाक गाडीच्या पोटात शिरतं. वाटीच्या जागी उंच पेला ठेवला की जागा पाठीकडे आली. हा उणे ऑफसेट, चाक बाहेर येतं. ऑफसेट मिलिमीटरमध्ये, आणि चांगल्या रिमवर 'ईटी' अक्षरांपुढे तो कोरलेला असतो. बॅकस्पेसिंग मात्र इंचात. हे दुटप्पी माप कुणी काढलं याबद्दल अण्णा जे बोलतात ते ओसरीवर ठीक आहे, छापता येणार नाही.

"आठ इंची रिम. दोन्ही काठांची जाडी धरून प्रत्यक्षात किती?"

"आठ."

"नऊ! आठ हे टायर बसतो तिथलं माप. नऊचे निम्मे साडेचार. ऑफसेट शून्य असेल तर आत साडेचार. अधिक पंचवीस असेल तर साधारण साडेपाच. उणे पंचवीस, साडेतीन. पाढे पाठ केले होते ना लहानपणी? मग हे का होत नाही?"

तेवढ्यात दारातून काकू, "पातेलं द्या." काकूंना हे प्रकरण पूर्ण समजतं. इतकं, की एकदा पाहुण्यांनी अण्णा कुठे आहेत म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "यांचा ऑफसेट पहिल्यापासून उणे. घरात कमी, बाहेर जास्त."

पण माणूस मोजमाप करून गप्प बसणारा नाही, हीच तर अडचण. मागच्या आळीतल्या एका पोरानं उणे ऑफसेटच्या रुंद रिम लावल्या. अण्णांनी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पावसाळ्यात चिखल थेट दारावर आणि आरशावर येईल, कारण तो अडवायला मडगार्ड उरलंच नाही. स्टीअरिंग जड होईल आणि खड्ड्यात हाताला हिसका बसेल, कारण चाक ज्या रेषेभोवती वळतं तिच्यापासून टायर लांब गेला. आणि बेअरिंगवर ओझं वाढेल, कारण तरफ लांबली. पोरगा म्हणाला, "अण्णा, दिखती कैसी है?" अण्णा म्हणाले, "दिसते छान." हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, म्हणून पोरानं बाकीचं सोडून दिलं.

पाऊस सुरू झाला आणि गाडीची दारं आगर रोडच्या रंगाची झाली. शिवाय स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की पुढचा टायर बंपरच्या कोपऱ्याला खर्र करून घासायचा. पोरगा आला तेव्हा अण्णांना 'मी सांगितलं होतं' म्हणायची आयती संधी होती. ते म्हणाले नाहीत. पट्टी घेऊन चाकाखाली शिरले. या जातीच्या माणसांचं हे एक मला फार आवडतं. जिंकण्यापेक्षा मोजण्यात त्यांना जास्त रस असतो. बाहेर आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं, "घासतंय ते नेमकं कुठे, बघ. आता चाक आत घ्यायचं म्हणशील, तर फार घेऊ नकोस. बाहेर काढलं तर मडगार्ड खातं, आत ढकललं तर सस्पेन्शनचा आर्म खातं. मधली जागा किती आहे ते आधी मोज, टायर मग विकत घे." पोराला उपाय हवा होता. त्याला एक संपूर्ण शनिवार मिळाला.

कायद्याचं कात्रणही अण्णांकडे घडी घालून ठेवलेलं आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, गाडीत फेरफार करण्याबद्दलचं. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे वाचलं, आणि कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल करता येणार नाही असं सांगितलं. हे कात्रण ते पोरांना दाखवतात, आणि नानाखेड्याच्या चौकात हवालदारालाही दाखवतात. दोघांनाही ते नको असतं.

ट्रक हा त्यांचा वेगळा जिव्हाळा. थारवाल्यांना चाक हा दागिना वाटतो, ट्रकवाल्यांना ते पोट वाटतं, असा त्यांचा दावा. मक्सी रोडला टायरवाल्याकडे उभं राहून ते येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना विचारतात, "ट्रकच्या पुढच्या चाकाचं पोट बाहेर आणि मागच्याचं आत का?" पोरं म्हणतात, चाकं वेगळी असतील. "चाक तेच! पुढे उलटं लावलंय. मागे दोन-दोनची जोडी, पोटाला पोट लावून. त्या खोल ऑफसेटमुळे दोन टायरांमध्ये फट राहते. म्हणून सहा चाकांना स्टेपनी एक पुरते." मी इतकी वर्षं ट्रकांमागे रांगत गाडी चालवली, पण हे पोट कधी दिसलं नव्हतं. आता समोर ट्रक आला की तेच दिसतं, मागची शायरी वाचायची राहून जाते.

तिथेच एकदा एक ड्रायव्हर मागच्या जोडीत 9.00-20 काढून त्याच जुन्या रिमवर 10.00-20 चढवत होता. टायर स्वस्तात मिळाले होते. अण्णांनी वाकून दोन टायरांच्या मध्ये पट्टी घातली, तीही खालच्या बाजूला, जमिनीजवळ. तिथे वजनानं टायर फुगतो, म्हणून मोजायचं तिथेच. "नऊच्या टायरला सात इंची रिम, दहाच्याला साडेसात. ही रिम सातची. माल भरलास की दोन्ही टायर एकमेकांना घासतील, तापतील, आणि मध्ये दगड अडकला तर देवाचं नाव घे." ड्रायव्हरनं शांतपणे बिडी विझवली. "बाबूजी, टायर वापस ले लेगा ये?" टायरवाला दुसरीकडे बघू लागला. पुढचा पाऊण तास अण्णा ड्रायव्हरच्या बाजूनं टायरवाल्याशी भांडत होते. टायर बदलून मिळाले. जाताना ड्रायव्हर म्हणाला, "आप भी चलो बाबूजी, देवास तक." अण्णा चढलेच होते. कंडक्टरच्या जागेवर मांडी ठोकून बसल्यावर त्यांना आठवलं की आपण दही आणायला निघालो होतो.

बाहेरगावचे पाहुणे आले की महाकालाचं दर्शन आणि रामघाट काकूंकडे, वेधशाळा अण्णांकडे. जयसिंहाची ती यंत्रं, सावली सरकते ती भिंत, हे सगळं दाखवून होईपर्यंत ते कसेबसे धीर धरतात. जुन्या ज्योतिषगणितात मध्यरेषा उज्जैनवरून जायची. लंकेपासून अवंतीवरून कुरुक्षेत्राकडे जाणारी रेघ, आणि देशातल्या बाकी गावांचं अंतर त्या रेघेपासून मोजायचं. पूर्वेला किती, पश्चिमेला किती. इथे अण्णांचा आवाज चढतो, "सगळ्या भारतवर्षाचा ऑफसेट या गावापासून मोजला आणि या गावातली पोरं रिमची मध्यरेषा विचारत नाहीत!" पाहुणे माना डोलावतात. एका पाहुण्यानं नको तो उत्साह दाखवून विचारलं, मग पुण्याचा ऑफसेट अधिक की उणे? अण्णांनी त्याला उन्हात उभं करून उत्तर दिलं. ते संपेपर्यंत यंत्रावरची सावली चांगली सरकली.

2028 चा सिंहस्थ जवळ येतोय. रस्ते रुंद होतायत, डंपरांची वर्दळ वाढली आहे. लोकांना धुळीचा त्रास, अण्णांना पर्वणी. काठी टेकत जातात, उभ्या डंपरांची मागची जोडी बघतात, खडूनं टायरावर बारीक फुली मारतात. फुलीचा अर्थ काय ते कुणालाच माहीत नाही. ड्रायव्हर मात्र ती पुसत नाहीत.

मध्यंतरी त्यांच्या भाचीला बघायला इंदूरची मंडळी आली. मोठी गाडी, मोठं कुटुंब. आत सरबत फिरत होतं, मुलगा हळू आवाजात पगार सांगत होता, मुलाची आई खिडकीचे पडदे न्याहाळत होती, आणि घरचे वडीलधारे म्हणून ज्यांनी दोन शब्द बोलायचे ते अण्णा बैठकीत नव्हते. काकूंनी कुणाला शोधायला पाठवलं नाही, पोर्चमध्ये नुसतं डोकावून बघितलं. गाडीखालून दोन चपला आणि धोतराचा सोगा दिसत होता.

अण्णा आले, हात धुतले, पट्टी खिशात घातली आणि काकूंच्या कानाशी लागून म्हणाले, "मुलगा चांगला आहे. रिम कंपनीच्या आहेत."

"आणि स्वभाव?"

"तो तुम्ही विचारा. टायरातली हवा तरी चारही चाकांत सारखी आहे."