कंस आणि गाळणी

आमच्या गावाच्या नावाला कंस आहे. तळेगाव (श्यामजी पंत). महाराष्ट्रात तळेगावं काही कमी नाहीत. दाभाड्यांचं आहे, ढमढेऱ्यांचं आहे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दशासरचं आहे. या गर्दीत पंत कंसात बसले म्हणून आम्ही ओळखू येतो. कंस म्हणजे एक गाळणीच. बाकीची तळेगावं बाहेर, आमचं तेवढं आत.

गाळणीचा हा महिमा मला कळायला मात्र मोटरसायकलला धापा टाकाव्या लागल्या. नागपूर-अमरावती महामार्ग गावाला लागून जातो, आर्वी-आष्टीचे रस्ते इथेच त्याला मिळतात. त्यामुळे चारही दिशांची धूळ आमच्याकडे मुक्कामाला. त्यात माझं वावर पांदणीनं. उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा, तुरीचं थ्रेशर सुरू झालं की वरून कुटार. गाडीचं पिकअप गेलं, अव्हरेज उतरलं, सायलेन्सर काळा धूर ओकू लागला. मिस्त्रीनं एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला, तर माझ्या वावराचा सातबाराच बाहेर पडला.

"नाकात कापूस कोंबून कबड्डी खेळता येते का जी?" तो म्हणाला.

बोलणं खरं होतं. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला इंजिनाला साधारण 9,000 लिटर हवा लागते. पेट्रोलचा भाव आपण रोज विचारतो, हवेची चौकशी कोणी करत नाही. हवा अडली की पेट्रोल अर्धकच्चं जळतं, आणि आपण पंपवाल्यावर संशय घेतो.

नवा फिल्टर घ्यायचा म्हटल्यावर माझ्यातला काटकसरी जागा झाला. आमच्या घरात बनियनसुद्धा पोछा झाल्याशिवाय निवृत्त होत नाही. फिल्टर घरी आणला आणि साबणाच्या फेसात भिजवला. तासाभरात त्याच्या घड्या पावसात सापडलेल्या लग्नपत्रिकेसारख्या झाल्या.

"कागद हाये तो," मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला. "आतून बाहेर हलकी हवा माराची, नाही तं बदलवाचा. आन् तेलकट कागद असंल तं हवाबी नाही. सीधा बदलवाचा. धुवाचाच शौक असंल तं स्पंजचा घ्या, नाही तं कापसाचा."

कापसाचा! माझे कान टवकारले. तारेच्या दोन जाळ्यांमध्ये कापसाच्या विरळ कापडाचे थर, घड्या घातलेले आणि तेलानं ओलावलेले. कॅलिफोर्नियात 1969 साली सुरू झालेल्या के अँड एन कंपनीनं असे फिल्टर जगभर पोचवले. आपल्या काळ्या मातीत कापूस पिकवायचा आणि त्याच मातीची धूळ अडवायला सातासमुद्रापलीकडचा कापूस आणायचा! खोक्यावरची किंमत पाहून मात्र सूटबूट घालून आलेल्या भाच्याला पाहावं तसा मी त्याच्याकडे लांबूनच पाहत राहिलो. मिस्त्रीनं वर सांगितलं, "याच्यातून हवा मोकळी जाते, पण बारीक धूळबी कागदापेक्षा जास्त जाते. तुमाले का रेस लावाची हाये? पांदणीनंच जाचं हाये ना?"

स्पंजवर एकमत झालं. त्याचा धर्म साधा आहे. साबणाच्या पाण्यात दाबून धुवायचा, पिळायचा नाही, पिळला की फाटतो. पेट्रोलनं धुवायचा नाही. सावलीत वाळवायचा. मग फिल्टरचं तेल चोळून जास्तीचं दाबून काढायचं. कोरडा स्पंज धुळीला नुसता पाहतो, तेलाचा स्पंज तिला धरून ठेवतो. तेल फार झालं तर हवाच अडते. बायको म्हणाली, "एवढ्या काळजीनं कधी स्वतःचा शर्ट धुतला नाही." यावर मी स्पंजसारखाच मऊ आणि गप्प राहिलो.

माझ्या जुन्या गाडीचा स्पंज आर्वीतही मिळाला नाही, म्हणून बाहेरून मागवला. आठवड्यानं पार्सलवाल्या पोराचा फोन आला.

"भाऊ, तळेगावात उभा हाओ. तुमचं घर कोन्तं?"

मी खुणा सांगितल्या. महामार्ग, आष्टीचा फाटा. पोरगा गोंधळला. तो दशासरात उभा होता. पत्ता लिहिताना मी कंस टाकायलाच विसरलो होतो.

गाळणी मागवली, आणि पत्त्यातली गाळणीच राहिली.