जप्तीयोग्य माल

मुलीच्या लग्नासाठी शेजारच्या अण्णांनी माझ्याकडून २५,००० रुपये नेले, तेव्हा ‘महिन्याभरात आणून देतो’ म्हणाले होते. कोणता महिना, ते त्यांनी मोघम ठेवलं. लग्न झालं, मुलगी सासरी गेली, बारशाचे पेढेही आले. पैसे तेवढे आले नाहीत. जिन्यात भेटले की अण्णा माझ्या तब्येतीची अशी काही चौकशी करत की मला पैशांचं विचारायला तोंडच उघडता येऊ नये.

शेवटी बायको म्हणाली, “वकील गाठा. तीन वर्षं उलटली की संपलं.” मुदतीच्या कायद्याचं हे ज्ञान तिला भिशीतून मिळालेलं. उसने दिल्यापासून ३ वर्षांत दावा लावायचा. मधे ऋणकोने सहीनिशी देणं कबूल केलं, तर तिथून नवी ३ वर्षं. अण्णा दर दिवाळीला कबूल करत, पण तोंडी, आणि तेही आमच्याकडचा फराळ करता करता.

वकीलसाहेबांनी विचारलं, “पुरावा काय?”

“माणूस चांगला ओळखीचा आहे.”

“तो पुरावा नाही, अडचण आहे. वचनचिठ्ठी? स्टँप? सही?”

माझ्याकडे पासबुकातली एक ओळ होती. वचनचिठ्ठी असती तर समरी दावा लावता आला असता. त्यात प्रतिवादीला बचाव करायलासुद्धा आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते. आमच्या वाट्याला साधा दावा आला, अर्थात लांबचा.

पहिलं समन्स ‘प्रतिवादी मिळून येत नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. त्या वेळी प्रतिवादी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. बेलीफाला जिन्याची वाट त्यांनीच दाखवली. पुढचं समन्स दारावर डकवलं, तर अण्णांनी त्यावर ‘शुभ लाभ’ चिकटवलं.

मग लेखी कैफियत आली. आमचं एकेक कलम ‘खोटे, लबाडीचे व प्रतिवादीस अमान्य’. मी शेजारी राहतो, हेसुद्धा अमान्य. आणि सदर रक्कम कर्ज नसून वादीने विवाहप्रसंगी स्वखुशीने दिलेला आहेर होय! मी हाय खाल्ली. बायकोने मात्र कपाटातून जुन्या पत्रिकांचा गठ्ठा काढला. (आमच्याकडे लग्नपत्रिका टाकत नाहीत, वर गणपती असतो.) अण्णांच्या मुलीच्या पत्रिकेत तळाशी ठळक छापलं होतं: ‘कृपया आहेर आणू नये.’ उलटतपासात ती पुढे केली तेव्हा न्यायाधीशांना एकाएकी चष्मा पुसावासा वाटला. हुकूमनामा आमच्या बाजूने झाला, व्याजासकट.

मी पेढे नेले. वकीलसाहेबांनी अर्धाच घेतला. १८७२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने नोंदवून ठेवलंय म्हणाले, की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात त्या हुकूमनामा मिळाल्यावर. प्रिव्ही कौन्सिल गेलं. निरीक्षण इथेच राहिलं.

कारण कोर्ट काही पैसे आणून देत नाही. वसुलीची वेगळी दरखास्त, वेगळा खर्च, आणि जप्तीला माल दाखवायचा आपणच. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० मी तेव्हा वाचलं. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धर्मरूढीने बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कशालाच हात लावायचा नाही. सरकारी पेन्शनला तर नाहीच, आणि अण्णा सरकारी पेन्शनर. कायद्याने ऋणकोला जावयासारखं जपलंय.

जप्तीच्या दिवशी अण्णांनी बेलीफाला चहा दिला, साखर किती ते विचारून. मला न विचारता दिला, आणि बरोबर दीड चमचा. टीव्ही मेहुण्याचा निघाला. फ्रिज हप्त्यावरचा. पंखे घरमालकाचे. सोफ्यावर वहिनी रात्री झोपतात, सबब तो अंथरुणात गेला. पंच म्हणून आणलेले सोसायटीचे सेक्रेटरी दर वस्तूला मान डोलवत होते. कागदावर शेरा पडला: ‘जप्तीयोग्य माल मिळून आला नाही.’

“मग तुरुंगात टाका!” मी जिन्यातच ओरडलो.

“टाकता येतं, जास्तीत जास्त तीन महिने,” वकीलसाहेब म्हणाले. “पण ऐपत असून देत नाहीत, हे तुम्ही सिद्ध करायचं. आतल्या खाण्यापिण्याचा भत्ता तुम्ही आगाऊ भरायचा. आणि सुटून आले की कर्ज फिटलं असं नाही.”

म्हणजे अण्णांना जेवायला मीच घालायचं. ते तर मी दिवाळीला घालतच होतो.

हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी १२ वर्षं मिळतात. अण्णा सत्तरीचे आहेत, पण रोज पहाटे टेकडी चढून येतात. रक्तदाबाच्या गोळ्या मी घेतो. तेव्हा वाचकहो, कुणाला उसने द्यायची वेळ आलीच, तर आधी एकदा त्याच्या घरी चहाला जाऊन या आणि टीव्ही कुणाच्या नावावर आहे तेवढं विचारा.