मा. भाऊ

२०२५ संपत आलं तेव्हा आमचे भाऊ पावणेचार वर्षं नगरसेवक नव्हते, पण ही बातमी प्रभागात कुणी त्यांच्या कानावर घातलेली नव्हती. २०१७ च्या फेब्रुवारीत ते निवडून आले. १४ मार्च २०२२ ला पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक बसले. मग ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा असं करत निवडणूक पुढं पुढं सरकत राहिली. एखादा खचला असता. भाऊंनी दारावरच्या पाटीला हातसुद्धा लावला नाही. पाटीवर होतं 'मा. नगरसेवक'. आधी त्याचा अर्थ माननीय होता, मग माजी झाला. रंगाचा खर्च शून्य.

भाषेचं हे ऋण भाऊंनी फेडलंही आहे. 'संकल्पना' हा शब्द पूर्वी प्राध्यापक लोक वापरत; भाऊंनी तो बाकड्यावर आणला. अंदाजपत्रकात नगरसेवकाच्या वाट्याला प्रभागातल्या किरकोळ कामांसाठी जो निधी येतो, त्याला पुण्यात 'स यादी' म्हणतात. त्या यादीतून भाऊंनी कापडी पिशव्या वाटल्या, कचऱ्याच्या बादल्या वाटल्या आणि मुख्य म्हणजे बाकडी टाकली. प्रत्येकाच्या पाठीवर 'मा. भाऊ यांच्या संकल्पनेतून'. माणसानं दमल्यावर बसावं, ही ती संकल्पना. बसणाऱ्याच्या पाठीवर कधीकधी तिची अक्षरं उमटत. रंग ओला असेल तर.

चार नगरसेवकांचा एक प्रभाग ही सोयही भाऊंना मानवली. अ, ब, क, ड अशा चार जागा. काम झालं की फलक चार लागतात. नाही झालं, तर भाऊ अत्यंत आपुलकीनं खांद्यावर हात ठेवून सांगतात, "काका, तो 'ब'वाल्याचा विषय. मी बोललो असतो, पण त्याला वाईट वाटतं."

त्या वर्षी गणपतीपासून भाऊंचं येणं-जाणं वाढलं. दिवाळीला उटणं आलं, त्या पुडीवर भाऊ. पणत्यांच्या खोक्यावर भाऊ. महिलांची काशीयात्रा निघाली, तिला निरोप द्यायला पहाटे चारला भाऊ, हळदीकुंकवाचं बोट लागलेले. मधे आरक्षणाची धास्ती होती. निम्म्या जागा महिलांच्या; आपली जागा त्यात गेली तर? म्हणून फ्लेक्सवर भाऊ आणि वहिनी अगदी सारख्या मापाचे, दोघांचेही हात जोडलेले. नोव्हेंबरात सोडत निघाली, 'ड' खुली राहिली, आणि एका रात्रीत वहिनी पासपोर्ट साइझच्या झाल्या. वहिनींना मी यावर काही विचारलं नाही. त्या मात्र आपणहून म्हणाल्या, "सुटले बाई."

पण भाऊंचं खरं कसब बारशा-लग्नात नाही, दहाव्याला दिसतं. लग्नाला सगळेच जातात. दहाव्याला जो येतो त्याला घर विसरत नाही, हे त्यांचं गणित. आणि ते बरोबर आहे, हे मला कबूल करायला हवं.

आमचे अप्पा गेले. त्यांच्या दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर भाऊ आमच्या आधी हजर. पांढरे कपडे, मागं चार कार्यकर्ते, एकाच्या हातात प्रारूप मतदारयादी. पिंड मांडले, कावळे मात्र पलीकडच्या झाडावरून हलेनात. आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीनं शब्द दिले. काकूंना सांभाळू, जमिनीचं बघू, धाकट्याचं लग्न लावू. कावळे ढिम्म. शेवटी काकूंनीच आठवण काढली, "कोपऱ्यावरच्या वडाखाली बाकडं हवं होतं हो त्यांना. सात वर्षं मागे लागले होते."

सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊ चपला काढून पुढं झाले, हात जोडले. "अप्पा, वडाखालचं बाकडं माझ्याकडं लागलं. आठ दिवसांत टाकतो."

झाडावर दोन कावळे होते. ते उडून नदीपलीकडे गेले.

कुणी हसलं नाही, दहावा होता. गुरुजींनी न बोलता दर्भ घेतला आणि कावळा करायला बसले. भाऊंचा चेहरा तसूभर हलला नाही. सभागृहात पाच वर्षं काढलेला माणूस तो. मला हलकेच बाजूला घेऊन त्यांनी कार्यकर्त्याकडून यादी मागितली.

"या वेळी लक्ष असू द्या. घरात मतं किती, पाच ना?"

"चार," मी म्हटलं आणि पिंडाकडं बघितलं.

भाऊंनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. नावावरून बोट फिरवलं.

"यादीत पाच आहेत," ते म्हणाले. मग पिंडाकडं वळून त्यांनी पुन्हा हात जोडले. या वेळी जरा जास्त वाकून.