दात पडला की कलम बदलते

"ऐकलं का वो, धुऱ्याच्या भांडनात दात पडला म्हन्ते!"

काकूंनी कुंपणापलीकडून बातमी टाकली. दोघा चुलतभावांचं वावर, मधे धुरा, धुऱ्यावर एक निंब. निंबाची फांदी कोणाच्या बाजूची, यावरून बंडीची उभारी निघाली. आमच्या अंजनगावात भांडण पानमळ्याचं असो, पानपिंपरीचं असो की केळीचं, शेवटी ते धुऱ्यावरच येऊन उभं राहतं.

मी विचारलं, "दात पडला की नुसता हलला?"

"तुमाले दाताचं पडलं काय? मानूस मरता मरता वाचला ना!"

माझी नोकरी कोर्टाच्या कारकुनीत गेली, त्यामुळे मारहाण म्हटली की मी आधी दात मोजतो. काकूंना सांगितलं, सगळं दातावरच आहे. थापड, बुक्की, मुका मार ही साधी दुखापत. जुनं कलम 323; 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 115(2). फार तर एक वर्ष कैद, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतात, कागद हातात देतात आणि म्हणतात, कोर्टात जा. पण हाड मोडलं, दात तुटला किंवा निखळला, की तीच मारहाण 'गंभीर दुखापत' होते. मग 117(2), सात वर्षांपर्यंत कैद.

"आन् नाकातून भळाभळा रक्त आलं त्याचं? सदरा लाल झाला होता त्याचा!"

"हाड शाबूत असेल तर साधी."

"म्हन्जे रक्ताले काईच किंमत नाई!"

किंमत असते, पण कागदाला. ठाण्यात रिपोर्ट दिला की पोलीस जखमीला दवाखान्यात पाठवतात आणि डॉक्टर तपासून जखमेचा दाखला लिहितात. त्यात काय लिहिलं, त्यावर केस चालते. रात्री घरी हळद लावून झोपायचं, चार दिवसांनी वकिलाने सांगितलं म्हणून दवाखाना गाठायचा, असं केलं की समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो: मधले चार दिवस कुठे होता?

"तिकडच्याईनंबी रिपोर्ट देल्ला म्हन्ते. याच्या पोट्ट्यानं ढकललं म्हून."

देणारच. इकडून रिपोर्ट, तिकडून रिपोर्ट, हे धुऱ्याच्या भांडणात ठरलेलं. वरून पोलीस दोघांवर चॅप्टर केस करतात आणि तहसीलदारापुढे शांतता राखण्याचा बाँड लिहून द्यावा लागतो. खरी केस त्याहून वेगळी. ती आपल्याच गावच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते. त्यांना तीन वर्षांपर्यंतच कैद देता येते. जास्त द्यावी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. पण मारहाणीत तिथवर जाणं विरळा. बहुतेकांना शिक्षा होते ती पेशीचीच. सकाळी जाऊन बसा, पुकारा झाला की हात जोडा, पुढची तारीख घ्या. तोवर साक्षीदार फितूर होतो, कारण तो दोघांचाही मामेभाऊ असतो, आणि दोघांच्याही घरच्या लग्नात त्याला पंगतीला बसायचं असतं.

"मंग मिटवून घ्यावं ना आपसात!"

आता काकू मुद्द्यावर आल्या. आपल्या गावाचं नावच मुळी तहासाठी इतिहासात गेलं. 30 डिसेंबर 1803 ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो इथेच, आणि गंगा-यमुनेमधला मुलूख घालवून बसले. तेव्हा तडजोडीत काय सोडतो ते पाहून सही करावी, इतकं तरी अंजनगावकराला कळायला हवं. साध्या मारहाणीत मार खाल्लेला माणूस स्वतः तडजोडीचा अर्ज देऊ शकतो, कोर्टाची परवानगी लागत नाही. दात पडला असेल तर परवानगी लागते. तडजोड नोंदली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखंच. लोकअदालतीत असल्या केसेस निघतात त्या याच वाटेने. 2007 च्या 15 ऑगस्टला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्या समित्यांनीही हेच करायचं होतं. काही गावांत झालं, काही गावांत समितीतच तंटा लागला.

पण उभारीच्या जागी विळा निघाला असता तर? धारदार शस्त्राची दुखापत म्हणजे जुनं 324, आताचं 118(1). ती इथे आपसात मिटत नाही. दोघं गळ्यात गळे घालून आले तरी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात अर्ज करावा लागतो. धुऱ्याचा वाद, आणि खर्च नागपूरचा.

"आन् पोलिसालेच मारलं त?"

तिथे आपसात मिटवणं नाहीच. यशोमती ठाकूर यांची केस आठवा. 24 मार्च 2012 ला अमरावतीत वाहतूक पोलिसाशी एकेरी रस्त्यावरून वाद झाला, मारहाणीचा गुन्हा नोंदला गेला. निकाल लागला 15 ऑक्टोबर 2020 ला. तेव्हा त्या राज्याच्या मंत्री आणि जिल्ह्याच्या पालकमंत्री होत्या. त्यांना, चालकाला आणि दोन कार्यकर्त्यांना तीन महिने कैद आणि प्रत्येकी 15,500 रुपये दंड. त्या हायकोर्टात गेल्या, तिथे शिक्षेला स्थगिती मिळाली.

"आठ वर्सं! तेवढ्यात पोट्टं दहावीले जाते."

पोट्ट्यावरून आठवलं. ढकलणारा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो आहे, आणि काकूंची खरी काळजी ती होती, दाताची नव्हती. त्याचा पहिलाच गुन्हा असेल तर दोषी ठरला तरी कोर्ट 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं. नुसता दंड, किंवा कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षाही होते. हे सगळं न्यायाधीशांच्या मर्जीवर. मात्र भरतीच्या अर्जात केसबद्दल विचारलं तर खरं लिहायचं. सुटला असला तरी लिहायचं. लपवलेली केस सापडली तर नोकरी जाते, लिहिलेल्या केसवर निदान विचार तरी होतो.

"वकीलाले पैशे कोठून आनतीन थे? कपाशीचा पैसा अजून घरात नाई."

काकू, तुम्ही त्या पोराच्या माउलीला एवढंच सांगा. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची असेल किंवा कोणी अटकेत असेल, तर उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते, अर्ज साध्या कागदावर चालतो. पुढच्या पेशीच्या आधी देऊन टाका म्हणावं.