ऊस आपला, ऑक्टेन आपला. जादा पैसे कशाचे?

चैत्रात सोनारीला काळभैरवनाथाची जत्रा भरते. परंडा, भूम, बार्शी, करमाळा, चारी बाजूंनी दुचाक्या येतात. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या, त्यावर तिघं बसलेले. वाटेत पंप लागतो आणि नळी हातात धरलेला पोरगा विचारतो, "पॉवर टाकू का?" गाडीवाला मान डोलावतो. लिटरमागे सात-आठ रुपये जादा गेले.

कशासाठी गेले?

पॉवर म्हणजे ९५ ऑक्टेनचं महाग पेट्रोल. नाव पॉवर, म्हणून गाडीला ताकद येणार, असं लोक धरून चालतात. ऑक्टेनचा ताकदीशी थेट संबंध नाही. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबलं जातं, मग ठिणगी पडते. तिची आग पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक पेटलं की इंजिन टकटकतं आणि पिस्टन मार खातो. त्या आपसूक पेटण्याला पेट्रोल किती विरोध करतं, तेवढंच ऑक्टेनचा आकडा सांगतो. जादा दाबाचं इंजिन असेल तर जादा आकडा लागतो. शंभर सीसीच्या गाडीत दाबाचं प्रमाण दहास एकच्या आसपास असतं. तिला ९१ पुरतं. ९५ घातलं म्हणून ती भूमचा घाट उडत चढत नाही.

गाडी घेताना कंपनी एक पुस्तक देते. कुठलं पेट्रोल घालायचं ते त्यात छापलेलं असतं. किती जणांनी त्याची पिशवी फोडली आहे?

ज्यांच्या पुस्तकात ९५ लिहिलंय, त्यांनी ९५ घालावं. टर्बोची मोटार असेल, जादा दाबाची स्पोर्ट बाईक असेल, तर तिथं काटकसर महागात पडेल. बाकीच्यांनी मित्राच्या सांगण्यावरून पाकीट उघडू नये.

हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. एक्सॉन कंपनीनं महाग पेट्रोलनं देखभालीचा खर्च वाचतो अशी जाहिरात केली, तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगानं तिला धरलं. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि बहुतेक गाड्यांना साधंच पेट्रोल योग्य आहे हे कंपनीला लोकांना सांगावं लागलं. तरी २०१६ मध्ये तिथल्या मोटारचालकांच्या संघटनेनं हिशेब मांडला, तो वर्षाला दोन अब्ज डॉलरहून जास्त वाया गेल्याचा. साध्यावर चालणाऱ्या गाड्यांत महागाचं ओतून!

आता खरी मेख.

ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची बाजू मांडताना सांगितलं, की इथेनॉलचा ऑक्टेन १०८.५ च्या आसपास आहे आणि ते मिसळल्यामुळं आपलं साधं पेट्रोल ९५ वर गेलं आहे. पूर्वी ते ८८ होतं, मग ९१ झालं, आता ९५.

साधंच ९५ असेल, तर ९५ च्या नावावर जादा पैसे कसले?

त्यात इंजिनच्या सफाईची रसायनं असतात, असं उत्तर येतं. असतात, मान्य. मग रसायनांचे पैसे म्हणून घ्या, आकडा कशाला मिरवता?

आणि हा आकडा वाढवला कुणी? उसानं. इथेनॉल मक्यातून, तांदळातूनही येतं, पण आपल्या भागात ते उसाचंच. खुद्द सोनारीत साखर कारखाना उभा आहे. जो शेतकरी उसाच्या बिलासाठी महिनोन्महिने वाट बघतो, तोच पंपावर ऑक्टेनच्या नावानं दोन लिटरमागं पंधरा रुपये मोजतो. याचा राग यायला नको?

काही जण म्हणतात, "इथेनॉल नको म्हणून पॉवर टाकतो." त्यांनाही फसवलं जातंय. ९५ च्या नळीतूनही इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल येतं.

इथेनॉलची तक्रार मात्र खोटी नाही. त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, की जुन्या धाटणीच्या दुचाकीचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल, मोटारीचं ६ ते ७. जुन्या रबरालाही इथेनॉल बाधतं, म्हणून जुन्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी काढून दोन बोटांत वाकवून बघा. भेगा दिसल्या, तर मिस्त्रीकडून बदलून घ्या. महाग पेट्रोलनं ती भेग बुजणार नाही.

ॲव्हरेज हवंय? चाकातली हवा बघा. पंपावर ती फुकट भरून द्यायची असा नियम आहे. कंप्रेसर कायम "बंद" असतो, तो का, हे विचारा.

माप बघा. पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप पंपावर ठेवावंच लागतं. मागितलं की मोजून दाखवावं लागतं, आणि पाच लिटरला २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. भेसळीचा संशय आला तर गाळणकागद मागा. एक थेंब टाका, दोन मिनिटांत उडून जाईल. डाग राहिला तर तक्रारवही मागा.

मागायला लाजायचं कशाला? पैसे आपले आहेत.

"साधं संपलंय, पॉवरच आहे" हे तर रोजचंच. टँकर सकाळीच येऊन गेलेला असतो, सगळ्या गावानं बघितलेला असतो, आणि साधं दुपारी संपतं! तेव्हाही तक्रारवही मागायची. कंपनीचा फोन नंबर पंपावर लिहिलेला असतो, तो लावायचा.

कंपन्यांकडं मागणं एवढंच आहे. प्रत्येक नळीवर ठळक मराठीत दोन आकडे लिहा, ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती टक्के. साध्याच्या नळीवरही लिहा. मग गिऱ्हाईक ठरवेल काय घालायचं ते.